डाव्या हाताची गाठ

पिंपाखाली लाकडं सारताना कुस्तिनाचं लक्ष जाळाकडे नव्हतं, ओसरीच्या कठड्यावर ठेवलेल्या फोनकडे होतं. फोन गप्प होता. पहाटे सुनेला, वेनिंगला, कळा सुरू झाल्या, सुईणबाईंनी तपासून कपाळाला आठ्या घातल्या आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावली. गाडीत दोघांपुरतीच जागा. मुलगा दानांग चढला, सुनेची आई चढली आणि कुस्तिना रस्त्याच्या कडेला उभी राहिली. "इबू, तुम्ही कापडाकडे बघा," वेनिंग आतून म्हणाली होती. सासूला ती इबू, म्हणजे आई, म्हणायची. पोरीच्या ओठांत रक्त नव्हतं, आणि तिला काळजी कसली, तर कापडाची!

कापडाकडे बघायला हवंच होतं म्हणा. दुसऱ्या दिवशी जोग्जा शहरातून प्रदर्शनवाले कापडं निवडायला यायचे होते. कापडावर पानांचे ठसे उतरवणाऱ्या गटातल्या चौघी बायकांनी आपापलं कापड आदल्या संध्याकाळीच पानं मांडून, गुंडाळून, दोरीनं आवळून ठेवलं होतं. वळकटी एकदा बांधली की ती दुसऱ्या दिवशी वाफेवर चढलीच पाहिजे, नाहीतर आत पानं काळी पडून सगळाच चिखल होतो. म्हणून सून अडलेली असतानाही कुस्तिनाच्या अंगणात पिंप धगधगत होतं आणि त्यातल्या बांबूच्या जाळीवर चौघींच्या वळकट्या शेजारी शेजारी शिजत होत्या.

सागाची कोवळी पालवी तळहातावर चोळली की हात लालभडक होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हातावरचा लाल दोन दिवसांत जातो. कापडावर तो जन्मभरासाठी उतरवायचा तर तुरटीचं पाणी हवं, गंजक्या खिळ्यांचं पाणी हवं, वाफ हवी, आणि या सगळ्याहून जास्त हवी घट्ट गाठ. गाठ सैल पडली की आत पान हलतं, आणि हललेलं पान म्हणजे नुसता डाग.

आणि गाठीचं म्हणाल तर वेनिंगसारखी गाठ गावात कुणाला साधत नव्हती. पोरगी डावखुरी. लग्न ठरलं तेव्हा कुस्तिनानं नाक मुरडलं होतं. डाव्या हातानं कुणाला साधी सुपारीही देऊ नये अशी इथली रीत, आणि घरात सून आली ती डावखुरी. पण त्याच डाव्या हातानं वेनिंग दोरी उलटी फिरवायची, शेवटचा पेच आतल्या बाजूनं घ्यायची, आणि ती वळकटी उघडली की पानाची शीर न् शीर कापडावर मोजून घ्यावी. कुस्तिनानं मुरडलेलं नाक पहिल्या कापडालाच सरळ केलं. वर्षभरात गटातली सगळी कापडं वेनिंगच बांधू लागली.

मग तिला दिवस गेले, आणि गटाची प्रमुख मुरवानी हिनं सगळ्यांना बसवून फर्मान काढलं. "आजपासून वेनिंगच्या हातात दोरी द्यायची नाही. पोटुशीनं गाठ मारली की आत नाळेला गाठ बसते. माझ्या सासूनं हे डोळ्यांनी बघितलंय. जी कुणी तिला बांधायला लावेल तिचं कापड मी पिंपात घेणार नाही." मुरवानी विधवा, वयानं सगळ्यांत मोठी, जीभ कोयत्यासारखी. कुणाची उलटून बोलायची छाती नव्हती. कुस्तिनानं तर सगळ्यांत आधी मान डोलावली होती. नातू तिचाच होता ना.

आणि तरी आदल्या संध्याकाळी तिनं काय केलं होतं? स्वतः बांधलेली वळकटी दाबून बघितली, ती सैल लागली. सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सैल. उद्याची निवड डोळ्यांपुढे आली. मागच्या खोलीत सून पाय लांब करून बसली होती. "न्दुक, पोरी," कुस्तिना हळूच म्हणाली, "एवढी एकच. कुणाला सांगू नकोस." वेनिंग हसली होती आणि तिनं डावा हात पुढे केला होता.

फोन वाजला तेव्हा कुस्तिनाच्या हातातलं लाकूड खाली पडलं.

"इबू," दानांगचा आवाज ओळखू येत नव्हता. "बाळ खाली सरकत नाहीये. मध्येच त्याचे ठोके मंद होतात. डॉक्टर म्हणतात अजून थोडं बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल. पण हिचं रक्त कमी आहे, रक्त शोधताहेत... इबू, तुम्ही प्रार्थना करा. माझ्या फोनची बॅटरी..." आणि आवाज तुटला.

गटातल्या मुरवानी, सार्मी आणि लासिनेम या तिघी अंगणातच होत्या; कुस्तिनानं त्यांना हे सांगितलं. ओसरीवर म्हातारी म्बाह क्रोमो, सगळ्या गावाची आजी, पान चघळत बसली होती. सरकारी सुईणबाई येण्याआधी निम्मं गाव तिच्याच हातांवर जन्मलं होतं. तिनं पानाची पिचकारी टाकली आणि विचारलं, "घरात काय काय बंद आहे?"

एवढंच विचारायचा अवकाश. बाई अडली की घरातलं मिटलेलं सगळं उघडायचं, बांधलेलं सगळं सोडायचं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. सार्मी दारं-खिडक्या उघडत सुटली. लासिनेमनं पेट्यांची, तांदळाच्या रांजणाची, पाण्याच्या माठाची झाकणं काढली, तेलाच्या बाटलीचं बूच काढलं, बकरीचं दावं सोडलं, आणि घाईघाईत खुराडंही उघडलं, तशा कोंबड्या थेट तांदळाच्या रांजणावर चढल्या. एरवी यावर हसून हसून मुरकुंडी वळली असती. कुस्तिनानं भिंतीवरची सासऱ्यांची कट्यार म्यानातून काढून ठेवली. चौघींनी अंबाडे सोडले. केस मोकळे सोडलेल्या चार बायका आणि मोकाट कोंबड्या असं ते अंगण दिसत होतं, आणि कुणाला हसू येत नव्हतं.

"अजून काहीतरी बांधलेलं आहे," म्बाह क्रोमो म्हणाली. तिची नजर पिंपावर होती. "त्यात काय आहे?"

"कापड आहे, म्बाह," मुरवानी म्हणाली. "ते पोटुशीच्या हातचं नाही. मी बजावून ठेवलंय सगळ्यांना."

कुस्तिना पिंपाजवळ जमिनीवरच बसली. बोलली नाही तर कुणालाही कधी कळलं नसतं, हे तिला त्या क्षणीही कळत होतं. पण तिकडे पोटात पोर गुदमरत होतं आणि इकडे तिच्या हौसेची गाठ वाफेवर फुगत होती.

"माझी तिनंच बांधलीय," ती म्हणाली. "मीच सांगितलं तिला."

मुरवानीनं तिच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं. "नातवापेक्षा कापड लाडकं झालं काय गं, तिना?"

कुस्तिनानं पिंपाचं झाकण काढलं, वाफ तोंडावर आली. फडक्यानं धरून तिनं आपली वळकटी बाहेर ओढली. दोरी भिजून फुगली होती, पेच आत रुतला होता. सार्मी धावत जाऊन विळा घेऊन आली.

"विळा टाक!" म्बाह क्रोमो ओरडली. "गाठ कापायची नाही, सोडायची. कापायची ती एकच असते, नाळ, आणि ती कापणारी तिकडे आहे."

मग नखांनी, दातांनी, लाकडाच्या काटकीनं कुस्तिना त्या गाठीशी झटू लागली. उलटी दोरी, उलटा पेच. सवयीचा हात नेमका चुकीच्या बाजूला ओढायचा आणि गाठ आणखी आवळायची. "डावीकडून," ती स्वतःलाच बजावत होती, "डावीकडून, बये." शेवटी दोरी सुटली. कापड उलगडलं, अर्धवट शिजलेली पानं ओघळून खाली पडली. मागे राहिले फिकट गुलाबी ओरखडे. एकदा उचललेलं पान पुन्हा त्याच जागी बसत नाही. कापड गेलं ते गेलंच. कुस्तिनानं त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

फोन गप्पच होता.

सार्मी उभी होती ती एकदम रडायला लागली. "माझी पण," ती मुरवानीला म्हणाली. "काल संध्याकाळी विहिरीवर. मीच म्हटलं, वेनिंग, जरा ओढून दे ना. बू मुर, मला माफ करा."

"आणि तुझी?" मुरवानीनं लासिनेमकडे वळून विचारलं.

लासिनेमनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "मी नाही म्हणत होते. तीच म्हणाली, काकू, द्या इकडे, तुमच्यानं होत नाही."

"शाबास!" मुरवानी म्हणाली. "म्हणजे फर्मान मी भिंतीला सांगितलं होतं."

त्याही दोन्ही सुटल्या. सार्मीच्या कापडावर पपईच्या पानांची नुसती हिरवट सावली, लासिनेमच्या कापडावर तेवढंही नाही. अंगणात वाफेचा आणि ओल्या पाल्याचा वास कोंदला. उन्हं उतरायला लागली होती. मशिदीतून दुपारनंतरची बांग झाली तेव्हा सगळ्याजणी ओंजळ करून उभ्या राहिल्या, आणि बांग संपल्यावर सगळ्यांचे डोळे पुन्हा फोनकडे गेले.

पिंपात आता एकच वळकटी राहिली होती, मुरवानीची. तिचं कापड रेशमाचं होतं. शेरडं विकून घेतलेलं. त्यात मांडलेली पालवी झऱ्याजवळच्या म्हाताऱ्या सागाची. त्या झाडाला फूट येते ती वर्षातून एकदा आणि आठ दिवसांत जून होते. या वयात शिडी लावून मुरवानीनं ती स्वतः खुडली होती. तिचं कापड जोग्जाला जाणार याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती, तिला तर अजिबात नव्हती. चाळीस वर्षं ती पानं मांडत होती आणि तिचं कापड आठवडी बाजारापलीकडे कधी गेलं नव्हतं.

कुस्तिना पिंपात वाकून बघत होती. वाफ जरा विरळ झाली, आणि तिला त्या वळकटीवरची दोरी दिसली. दोरी डावीकडून फिरली होती. शेवटचा पेच आतल्या बाजूला होता.

"मुर," ती म्हणाली. "तुझी गाठ."

"माझी मी बांधलीय."

"डावी आहे."

"असेल. माझी मी बांधलीय."

"या गावात डावी गाठ एकच बाई मारते." कुस्तिना उभी राहिली. तिचा आवाज चढला आणि तिला तो आवरावासाही वाटला नाही. "आम्हांला फर्मान सोडलंस आणि स्वतः गुपचूप तिच्याकडून बांधून घेतलीस! आम्ही निदान कबूल तरी झालो. माझं पोर तिकडे गुदमरतंय आणि तू इथे तोंड वर करून खोटं बोलतेस?"

"तिना, तोंड सांभाळ. मी खोटं बोलत नाही."

"मग ही दोरी खोटं बोलते? रेशीम आहे ना ते! माझ्या नातवाच्या जिवाहून तुझं रेशीम महाग, होय ना?"

सार्मी आणि लासिनेम यांचेही डोळे मुरवानीवर रोखलेले होते. म्बाह क्रोमोनं पान चघळायचं थांबवलं होतं. मुरवानीनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. तिचा हात एकदा वर आला, काहीतरी सांगायला आल्यासारखा, आणि तसाच खाली गेला.

मग तिनं फडकंही न घेता पिंपात हात घातला.

"अगं, भाजेल!" लासिनेम ओरडली.

मुरवानीनं वळकटी मांडीवर घेतली आणि उघड्या बोटांनी गाठ चाचपू लागली. कुस्तिना मदतीला वाकली तर तिनं कोपरानं ढकललं. "लांब हो. माझी मी सोडते." तिनं डाव्या बाजूनं पेच उचलला, पुन्हा उचलला. बोटांची टोकं लाल झाली, मग पांढरी पडली. दोरी हलेना. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ दातांत धरलेला होता, आणि तोंडातून हूं की चूं नाही. कुस्तिनाला वाटलं, आता ही थांबेल, आता विळा मागेल. ती थांबली नाही. पेच सुटला. एक वेढा सुटला, दुसरा सुटला, आणि रेशीम तिच्या मांडीवर उलगडलं. पालवी कापडावरून घसरली आणि मागे तांबूस पाण्याचे ओघळ उरले.

तेवढ्यात फोन वाजला.

"इबू, मुलगा!" दानांग रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. "नाळ मानेभोवती गुंडाळलेली होती, दोन वेढे. डॉक्टरांनी सोडवली. दोघंही सुखरूप आहेत, इबू!"

सार्मीनं कुस्तिनाला मिठी मारली, लासिनेम कोंबड्यांमध्येच फतकल मारून बसली, म्बाह क्रोमोनं आभाळाकडे हात केले. दोन वेढे, दोन वेढे, असं त्या एकमेकींना सांगत राहिल्या. मुरवानी उठली, रेशीम बगलेत मारलं आणि कुणाशी न बोलता घराकडे चालू लागली. तिला कुणी थांबवलं नाही.

गावाला तेवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर गोष्ट पोचली होती, आणि पोचली तेव्हा ती चौघींची राहिली नव्हती, एकटीची झाली होती. तिघींनी गाठी सोडल्या तरी पोर अडलेलंच. मुरवानीची सुटली आणि त्याच घटकेला पोर आलं. मग गळफास कुणाचा होता, सांगायला हवं का? वर फर्मान काढणारी तीच. लोक तिच्या दारावरून जाताना आवाज खाली आणू लागले. जोग्जाचे लोक आले, पिंपाजवळ वाळत टाकलेले तीन डाग बघून चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुरवानीनं प्रमुखपण सोडून गटाच्या कपाटाची किल्ली सार्मीच्या हाती पाठवून दिली. कुस्तिनाला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. बरी जिरली, असंच वाटलं. माणसाला आपला दोष दुसऱ्याच्या पदरात टाकायला मिळाला की झोप छान लागते.

वेनिंग बाळाला घेऊन घरी आली. नाव ठेवायच्या जेवणाच्या आदल्या दिवशी कुस्तिना तिच्या पायांना तेल चोळत बसली होती. तेल चोळता चोळता तिनं सगळी हकिगत सांगितली, तिखटमीठ लावून. मुरवानीचं खोटं बोलणं आलं तेव्हा वेनिंगनं पाय मागे घेतला.

"बू मुरची वळकटी? ती मी नाही बांधली."

"अगं, मी डोळ्यांनी बघितली. डावी गाठ होती."

"डावी असेल. पण माझी नाही." वेनिंगनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "इबू, त्या वर्षभर माझ्यासमोर बसून माझे हात बघायच्या. तोंडानं म्हणायच्या, काय हा उलटा कारभार, आणि डोळे हातांवर. एकदा मी त्यांच्याकडे गूळ द्यायला गेले, तर खिडकीतून दिसल्या. खाटेच्या पायाला दोरी गुंडाळत होत्या, डाव्या हातानं. जमत नव्हतं, सोडून पुन्हा करत होत्या. मी तशीच परत आले. म्हटलं, एवढ्या मानाची बाई सुनेच्या वयाच्या पोरीकडून शिकतेय, हे कुणाला कळलं तर त्यांना लाज वाटेल. म्हणून मी तुम्हांलाही बोलले नाही."

कुस्तिनाचा तेलाचा हात हवेतच राहिला. "पण गाठ सुटली आणि फोन आला..."

दारात उभा असलेला दानांग म्हणाला, "इबू, बाळ तर केव्हाच झालं होतं. फोन बंद पडला होता माझा. हिला खोलीत आणलं, रक्त लावलं, कागदांवर सह्या झाल्या, मग मला चार्जर मिळाला. तेव्हा केला मी फोन."

कुस्तिना उठली आणि मागच्या दारी जाऊन हात धूत राहिली. तेल केव्हाच निघालं होतं. तिला तो वर आलेला आणि तसाच खाली गेलेला मुरवानीचा हात दिसत होता. ती खरं बोलत होती. दोनदा, तीनदा खरं बोलली. आणि कुस्तिनानं तिला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं, तेही कशासाठी, तर स्वतःच्या हौसेची गाठ जरा हलकी व्हावी म्हणून. तिला स्वतःची किळस आली.

सकाळी ताटात पिवळा भात, कोंबडी आणि तांबडी-पांढरी खीर घेऊन ती मुरवानीच्या घरी गेली. दार उघडंच होतं. मुरवानी चुलीपाशी बसली होती. दोन्ही हातांच्या बोटांना कोरफडीचा गर लावून केळीची पानं गुंडाळलेली. चुलीमागच्या खिडकीला रेशीम लटकवलं होतं, पडदा म्हणून. त्यावर सागाची पानं होती खरी, पण एकावर एक सरकलेली, कडा विरघळलेल्या.

"ताट ठेव आणि जा," मुरवानी म्हणाली. "तुझ्या घरच्या अन्नाला मी हात लावला तर पोराला ढाळ लागेल. गाव म्हणेल."

कुस्तिना उंबऱ्यातच बसली. "वेनिंगनं सांगितलं मला. तू स्वतः बांधली होतीस."

"मी पण सांगितलं होतं तुला."

"हो."

"तुझ्या कानात मळ होता का?"

"होता." कुस्तिनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मुर, मग सोडलीस कशाला? तुझी गाठ तुझीच होती. हात भाजून घेतलेस, रेशीम घालवलंस. म्हणायचं होतंस ना की वेनिंगला फोन लावा, तिला विचारा!"

"तिला? कळा देणाऱ्या पोरीला?" मुरवानी करवादली. मग चुलीतलं लाकूड पायानंच आत सारलं. "तुम्ही तिघी माझ्याकडे बघत होतात. मी वाद घालत बसले असते, तेवढा वेळ ती दोरी बांधलेलीच राहिली असती. पोराला काय ठाऊक कोण खरं बोलतंय? आणि..." ती थांबली. "हात माझे होते, पण गाठ तिचीच ना? तिची बघूनच उचललेली. शिकलेली गाठ कुणाची धरायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही. म्हटलं, उगाच जोखीम नको."

कुस्तिनानं डोळे पुसले. बाहेर कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता.

"जेवायला चल," शेवटी ती म्हणाली. "बाळाला पहिल्यांदा झोळीत घ्यायचंय. तू घे."

"मी? ज्या हातांनी गळफास..."

"सगळ्यांसमोर सांगते मी."

"सगळ्यांसमोर म्हणाली होतीस," मुरवानी म्हणाली, "सगळ्यांसमोरच परत घ्यायचं. कोपऱ्यात कुजबुजशील तर मी ताट सोडून उठेन." आणि ती उठली. खिडकीवरचं रेशीम दातांनी ओढून काढलं आणि खांद्यावर टाकलं.

अंगणात चटयांवर गाव बसलं होतं. मुरवानी आत येताच बोलणं बंद पडलं. एका बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं. कुस्तिनानं भात वाढायचा डाव खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलली. आपल्या कापडाची गाठ पोटुशी सुनेकडून बांधून घेणारी ती आपण, असं बोलली. मुरवानीची गाठ मुरवानीनं स्वतः बांधली होती आणि ती खरं सांगत असताना आपण तिला खोटारडी म्हटलं, असं बोलली. बाळ आधीच जन्मलं होतं, तेही बोलली. सार्मी आणि लासिनेमनं माना खाली घातल्या.

"झालं?" मुरवानी म्हणाली. "भात निवतोय."

कुठून तरी हसू फुटलं, आणि मग सगळेच हसले, जरा जास्तच मोठ्यानं. वेनिंग बाळाला घेऊन पुढे आली. मुरवानीनं खांद्यावरचं रेशीम काढून झोळीसारखं तिरकं घेतलं, पण केळीच्या पानांतल्या बोटांना टोकं धरता येईनात. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं दोन्ही टोकं कुस्तिनापुढे धरली.

"बांध तू," ती म्हणाली. "आणि सैल बांध गं."